आकड्यांची रेघ

दादरा आणि नगर हवेली 11 ऑगस्ट 1961 रोजी रीतसर भारतात विलीन झाली. सेलवासमधला पोर्तुगीज अंमल त्याच्या सात वर्षं आधीच, 2 ऑगस्ट 1954 रोजी संपला होता. मधला काळ हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आणि दिल्लीच्या फायलींत गेला. ऑगस्ट उजाडला की आमच्याकडची जुनी मंडळी हे सगळं तारीखवार सांगतात. विलीनीकरणाला पाच महिने झाले आणि वापीहून रेल्वेत बसलं की काही तासांत गाठता येईल अशा मुंबईत, कुलाब्याच्या समुद्रकाठी, एक वेगळाच नामकरणविधी पार पडला. तो इकडे कोणी लक्षात ठेवायचं कारण नव्हतं.

15 जानेवारी 1962. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला पंतप्रधान नेहरू आले होते. संस्थेतल्या तरुण मंडळींनी स्वतःच्या हातांनी जुळवलेला एक संगणक तिथे दोन वर्षं चालू होता. नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं 'टिफ्रॅक'. 2700 निर्वात नळ्या, 1700 जर्मेनियम डायोड, 12,500 रोधक असा त्याचा संसार. स्मृती 2048 शब्दांची, एकेक शब्द 40 बिटांचा. आजच्या हिशेबाने सगळी मिळून दहा किलोबाइट. ज्यांनी तो बांधला त्यांच्यापैकी बहुतेकांनी तोवर चालता संगणक पाहिलेला नव्हता. पुस्तकं आणि शोधनिबंध वाचून, बाजारात मिळतील ते सुटे भाग घेऊन त्यांनी तो उभा केला.

टिफ्रॅकची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याला कॅथोड-किरण नळीचा पडदा जोडलेला होता. गणिताचं उत्तर कागदावर छापून घ्यायचंच, पण हवं तर तेच उत्तर पडद्यावर आलेख म्हणून, अक्षर म्हणून उमटवायचं. म्हणजे आपल्याकडे बांधलेल्या या पहिल्या मोठ्या संगणकात आकड्याची रेघ करण्याची सोय सुरुवातीपासूनच होती. त्याच इमारतीत संस्थेचे संस्थापक होमी भाभा चित्रं जमवत होते. ते स्वतः उत्तम रेखाटन करायचे आणि मुंबईच्या तरुण चित्रकारांची चित्रं संस्थेसाठी विकत घ्यायचे. हुसेन यांचं 'भारत भाग्यविधाता' हे प्रचंड भित्तिचित्र तिथलंच. भिंतीवर चित्रं आणि आतल्या खोलीत चित्र काढू शकणारं यंत्र, असा हा शेजार. पण यंत्राचा तास मोलाचा, तो भौतिकशास्त्रज्ञांच्या आणि गणितज्ञांच्या कामाला बांधलेला. चित्रकाराने त्या खोलीत जायचं काही कारणच नव्हतं.

मुंबईत संगणकाचं आणि चित्राचं नातं जुळलं ते या शेजारातून नव्हे, आडवाटेने. त्या वाटेवर तीन माणसं भेटतात. एक शास्त्रज्ञ, एक चित्रकार आणि एक अक्षरकार. तिघं मिळून एका योजनेवर काम करत होते असं मुळीच नाही. प्रश्न मात्र तिघांचा एकच होता: चित्राचा नियम सांगता येतो का? आणि तिघांच्याही बाबतीत नियम आधी आला, यंत्र मागून. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण संगणकीय कलेचा इतिहास सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली अमुक पडदा आला, मग अमुक प्रिंटर आला, म्हणून अमुक कला झाली. मुंबईपुरतं तरी हे उलटं आहे.

शास्त्रज्ञ म्हणजे आर. नरसिंहन, टिफ्रॅक बांधणाऱ्या चमूचे प्रमुख. गणितातली डॉक्टरेट अमेरिकेत मिळवून ते 1954 मध्ये टाटा संस्थेत आले होते. 1961 ते 1964 या काळात ते इलिनॉय विद्यापीठात होते. तिथे त्यांच्यापुढे ढीग होता बुडबुडा-कक्षातल्या छायाचित्रांचा. अतितप्त द्रवातून विद्युतभारित कण गेला की त्याच्या वाटेवर बारीक बुडबुड्यांची माळ उमटते, तिचा फोटो घ्यायचा आणि वाट किती वळली, कुठे फाटा फुटला हे पाहून कणाची ओळख पटवायची. असे फोटो हजारोंनी निघत. ते डोळ्यांनी तपासायला माणसं पुरत नसत. यंत्राला हे काम सांगायचं, तर आधी 'फोटोत काय आहे' हे यंत्राला कळेल अशा रीतीने मांडायला हवं होतं.

नरसिंहन यांनी त्यावर काढलेला तोडगा व्याकरणाचा होता. ठिपका, ठिपक्यांची रेघ, रेघांचा सांधा, सांध्यातून फुटणारे फाटे. वर्णांचे शब्द, शब्दांची वाक्यं, तशी त्यांनी चित्राची घडण नियमांत मांडली. 1962 पासून पुढची काही वर्षं त्यांनी या विषयावर लिहिलं, आणि चित्रांकडे भाषेच्या अंगाने पाहणाऱ्या संशोधनात त्यांचं नाव जगभर घेतलं जाऊ लागलं. व्याकरणाची गंमत अशी की ते दोन्ही बाजूंनी चालतं. ज्या नियमांनी वाक्य उलगडतं, त्याच नियमांनी नवं वाक्य रचताही येतं. चित्र ओळखण्यासाठी लिहिलेले नियम उलटे चालवले की चित्र काढता येतं.

हे पुढे कुठवर गेलं पाहा. 1974 मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह तमिळ घरांच्या दारातल्या कोलमचं व्याकरण मांडलं. आपली ठिपक्यांची रांगोळी ठिपके जोडत जाते. त्यांच्या कोलमच्या एका प्रकारात रेघ ठिपक्यांना न शिवता वळसे घालत जाते आणि फिरून मूळ जागी येते. बायका हे पिढ्यान्‌पिढ्या हाताने करत होत्या. आता ते नियम म्हणून लिहिलं गेलं आणि संगणकाच्या सैद्धांतिक शास्त्रात त्याला मानाची जागा मिळाली. आपल्या रांगोळीचं असं काही कोणी त्या वेळी मनावर घेतलं नाही, ही चुटपुट लागते खरी.

जगात इतरत्र काय चाललं होतं? फेब्रुवारी 1965 मध्ये श्टुटगार्टला गेओर्ग नेस यांनी संगणकाने काढलेल्या चित्रांचं छोटं प्रदर्शन भरवलं. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला बेल प्रयोगशाळेतल्या मायकेल नोल आणि बेला युलेश यांचं झालं. 1968 मध्ये लंडनला मोठा मेळावाच भरला, 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' नावाचा. यांतले बरेचसे लोक अभियंते आणि गणिती, कारण यंत्रापर्यंत पोहोच त्यांचीच होती. याला एक लखलखीत अपवाद पॅरिसमध्ये होता. वेरा मोल्नार या मूळच्या हंगेरियन चित्रकर्तीने 1959 पासून एक 'काल्पनिक यंत्र' चालवलं. नियम लिहायचे, काही आकडे ठरवायचे आणि मग यंत्र जे करेल ते आपणच हाताने, प्रामाणिकपणे, एकामागून एक काढत जायचं. खरा संगणक त्यांच्या हाती 1968 मध्ये आला.

यंत्राच्या आधी छिद्रांची भाषा होती हेही इथे सांगायला हवं, विशेषतः वापी-सेलवासच्या सूत-कापडाच्या पट्ट्यात राहून. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जॅकार्डने 1804-05 च्या सुमारास छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. छिद्र असेल तर ताण्याचा धागा उचलायचा, नसेल तर नाही. 1839 मध्ये ल्योंच्या विणकरांनी खुद्द जॅकार्डचं चित्र रेशमात विणलं, त्याला 24,000 पुठ्ठे लागले. दुरून ते कोरीव छापील चित्र वाटायचं. चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवून घरी लावली होती. आपल्या गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी छिद्रांचे पुठ्ठे वापरायची कल्पना त्याने जॅकार्डच्या मागावरूनच घेतली होती.

आता मुंबईतला चित्रकार. अकबर पदमसी. जन्म 1928, शिक्षण जे. जे. मध्ये, 1951 पासून पॅरिसला. 1954 मध्ये, म्हणजे इकडे सेलवास मुक्त झालं त्याच वर्षी, जहांगीर कलादालनातल्या त्यांच्या प्रदर्शनातल्या चित्रांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि ते त्यातून निर्दोष सुटले. मुंबईकरांना त्यांचं नाव ठाऊक झालं ते बहुधा त्या खटल्यामुळे. पण त्यांचा पिंड गाजवण्याचा नव्हता, रीत शोधण्याचा होता. रंगाला, आकाराला, जागेला काही तर्क आहे का, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. 1969 मध्ये त्यांना जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्ती मिळाली. दुसऱ्या कोणी ती घेऊन मोठे कॅनव्हास रंगवले असते. पदमसींनी त्या पैशांतून कॅमेरे, प्रकाशयोजना, छपाईची साधनं अशी जमवाजमव करून मुंबईत एक कार्यशाळा उघडली, 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप'. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले, ज्याला यायचं त्याने यावं आणि आपल्या धंद्याबाहेरचं काही करून पाहावं. नलिनी मालानी तिथे आल्या तेव्हा जेमतेम विशीत होत्या. पुढे चलत्‌प्रतिमांच्या कलेत जगभर नाव झालेल्या या बाईंनी कॅमेरा हातात घेतला तो इथे.

पदमसींनी स्वतः दोन लघुपट केले. एक 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'. नाव मेघकक्षाचं, म्हणजे कणांच्या वाटा दाखवणाऱ्या बुडबुडा-कक्षाच्या थोरल्या भावाचं. नरसिंहन ज्या प्रकारच्या चित्रांशी झुंजत होते, त्यांच्याच कुळातलं नाव एका चित्रकाराने लघुपटाला द्यावं, हा केवळ योगायोग असेल. पण त्या काळच्या मुंबईच्या हवेत काय होतं ते त्यावरून कळतं. त्या लघुपटाची प्रत पुढे हरवली. 2016 मध्ये आशिम अहलुवालिया यांनी त्या हरवलेल्या लघुपटावरच एक लघुपट केला, त्यात वृद्ध पदमसी आहेत.

दुसरा 'सिझिजी', 1970 च्या सुमाराचा. हा मात्र आजही आहे. सोळा मिलिमीटर, कृष्णधवल, 11 मिनिटांचा, आणि पूर्ण मूक. त्यात गोष्ट नाही, माणूस नाही, निसर्ग नाही. ठिपके आहेत, रेघा आहेत, रेघांच्या जाळीतून तयार होणाऱ्या आणि मोडणाऱ्या आकृत्या आहेत. हे सगळं आलं कुठून? पदमसींनी आकड्यांचा एक संच घेतला, आकड्यांचा क्रम ठरवला, कोणत्या आकड्याने कुठला बिंदू आणि कुठल्या बिंदूपासून कुठे रेघ हे ठरवलं. मग त्या नियमाबरहुकूम रेखाचित्रं काढली. सुमारे हजार. ॲनिमेशनचे जाणकार राम मोहन यांची मदत घेऊन ती एकेक चौकट करत चित्रित केली.

जरा हिशेब मांडू. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर 11 मिनिटांना जवळपास 16,000 चौकटी होतात. हजार चित्रं म्हणजे एक चित्र सरासरी पंधरा-सोळा चौकटी टिकतं, सेकंदाचा दोन तृतीयांश भाग. बाजारातल्या ॲनिमेशनमध्ये ही गती चालत नाही, हालचाल अडखळते. 'सिझिजी'तही ती अडखळतेच, पण इथे ते शोभतं. डोळा एक आकृती पकडतो न पकडतो तोच पुढची येते, आणि दोन्हींमध्ये काय बदललं ते मनात जुळवावं लागतं. पाहणाऱ्यालाच नियम शोधायला लावणारा हा लघुपट आहे. काही मिनिटांनी तुम्हाला वाटायला लागतं की आता पुढची रेघ कुठे येणार ते मला कळलंय. आणि ती नेमकी दुसरीकडेच येते.

यात संगणक कुठेही नाही. कागद, शाई, पट्टी, कॅमेरा. संगणक त्या वेळी मुंबईत नव्हते असं नाही. टाटा संस्थेत 1964 मध्ये अमेरिकेहून आणलेलं मोठं सीडीसी 3600 यंत्र होतं. आयुर्विमा महामंडळात संगणक आणायच्या नुसत्या विचाराने कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. नोकऱ्या खाणारं यंत्र अशी त्याची ख्याती होती. अशा दिवसांत एका चित्रकाराने मागणी केली असती तर त्याला कोणी यंत्राचा तास दिला असता असं मला वाटत नाही. पदमसींनी स्वतःच यंत्राचं काम केलं, पॅरिसच्या मोल्नारबाईंसारखंच. भारतातल्या संगणकीय कलेची सुरुवात कुठून धरायची असा वाद निघाला तर मी 'सिझिजी'चं नाव घेईन. त्यात संगणक नसला तरी प्रोग्राम आहे, आणि तो शेवटपर्यंत, एकाही ओळीला फाटा न देता चालवलेला आहे. कार्यशाळा 1972 मध्ये बंद पडली. पदमसी पुन्हा रंगांकडे वळले. उतारवयात त्यांनी खऱ्याखुऱ्या संगणकावर चित्रं केली, त्यांना ते 'कॉम्प्युग्राफिक्स' म्हणत. ती मला 'सिझिजी'च्या पासंगालाही पुरत नाहीत. यंत्र हाताशी आलं आणि हट्ट सैल पडला, असं काहीसं त्यात झालंय.

कार्यशाळेच्याच सुमारास मुंबईच्या उत्तरेला, आमच्या बाजूला, दुसरंच काही घडत होतं. हस्तकला मंडळाच्या वतीने भास्कर कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांवर फिरत होते. लग्नघराच्या भिंतीवर सवाष्णी जो चौक लिहितात, पालघाट देवीचा, तो कागदावर येईल का हे ते पाहत होते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातात त्यांनी कागद दिला. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात मशेंची चित्रं लागली, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि बऱ्याच उशिराने, 2011 मध्ये, पद्मश्री.

वारली चित्राचा इथे उल्लेख करताना मी जरा बिचकतो. कारण हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं: दोन त्रिकोण, एक वर्तुळ, झाला माणूस, वारली म्हणजे आदिवासींचं कोडिंगच! ऐकायला छान आहे, पण ते खरं नाही. सेलवासहून वासोण्याकडे जाताना कुंपणाच्या भिंतींवर असे वारली रंगवलेले दिसतात. साचा लावून मारलेले, एका मापाचे, एका कोनात वाकलेले, तारप्याभोवती फेर धरून. त्यांच्या शेजारी मशेंचं मासेमारीच्या जाळ्याचं एखादं चित्र मनात ठेवून पाहा. जाळ्याचा एकेक डोळा हाताने काढलेला, शेकड्यांनी, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. जाळं कुठे ताणलंय, कुठे ढिलं पडलंय, कुठे पाण्याने ओढ घेतलीये, ते त्या डोळ्यांच्या कमीजास्त मापांवरून कळतं. त्रिकोण-वर्तुळ ही सामग्री झाली, नियम नव्हे. आणि लग्नचौकाचा खरा नियम तर भिंतीवर नसतोच. तो कोणी लिहायचा, कधी लिहायचा, लग्न लावणाऱ्या धवलेरीने काय गायचं, त्यात आहे. तो संगणकात घालता येणार नाही, घालायचं कारणही नाही.

तिसरा माणूस अक्षरांचा. रघुनाथ कृष्ण जोशी, ओळखीच्यांत आर. के. किंवा नुसते 'जोशीसर'. जन्म 1936. जे. जे. उपयोजित कला संस्थेतून 1956 मध्ये बाहेर पडले, मग जाहिरातीच्या धंद्यात. 1961 ते 1983 ते उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक होते. त्याच वेळी कविता लिहीत होते, अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ दिसावा अशा कवितांचे प्रयोग करत होते, आणि देशातल्या लिप्या हाताने गिरवत होते. बोरू, टाक, कुंचला, कापडाची चिंधी, जे हाती येईल त्याने. 1983 मध्ये ते पवईच्या आयआयटीत औद्योगिक संकल्पन केंद्रात शिकवायला गेले.

देवनागरीची छपाईतली दुखणी तेव्हा नवी नव्हती. रोमनला दीडशेच्या आत खिळे पुरतात. देवनागरीला जोडाक्षरं, रफार, उकार, मात्रा धरून कंपोझिटरपुढे कितीतरी घरांची केस लागायची. टिळकांनी 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या घटवण्याचा खटाटोप केला होता. टंकलेखन यंत्राने तर अक्षरांचे हातपायच तोडले: अर्धा क वेगळा, काना वेगळा, मात्रा कुठेतरी अधांतरी. यंत्र बदललं की लिपीनेच आपलं अंग आखडून घ्यायचं, हा शिरस्ता पडून गेला होता. संगणक आल्यावर तेच होणार अशी चिन्हं होती. सुरुवातीच्या पडद्यांवर आणि टिकल्या मारणाऱ्या प्रिंटरांवर देवनागरी म्हणजे ठिपक्यांचा सापळा होता.

जोशींचं म्हणणं उलटं होतं. लिपी यंत्राला पोटात घेऊ शकते, फक्त ती कशी चालते हे यंत्राला नीट सांगा. त्यांच्या आधी लिपिकार ल. श्री. वाकणकरांनी लिपीचा शास्त्रीय विचार हयातभर केला होता. इकडे टाटा संस्थेतून जन्मलेलं सॉफ्टवेअर केंद्र 1985 मध्ये 'राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र' झालं, जुहूला. त्याच्या आलेखन विभागाचं आणि जोशींचं चांगलं जमलं. त्याच परिवारातले पी. के. घोष 1983 मध्ये स्टॅनफर्डला होते. तिथे डोनाल्ड नूथ यांनी 'मेटाफाँट' नावाची भाषा केली होती, तिच्या आधारे घोष यांनी भारतीय लिप्यांच्या टंकांवर प्रबंध लिहिला.

मेटाफाँटचा विचार सुलेखनकाराला लगेच पटावा असा आहे. अक्षर संगणकाला दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक, त्याची कड सांगायची: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, असं वळत, आणि आतला भाग काळा. दुसरी तऱ्हा, लेखणी सांगायची: टोक एवढं रुंद, इतक्या कोनात धरलेलं, आता या वाटेने ने. बोरू कापताना टोकाला तिरकस छेद देतात. देवनागरीसाठी तो रोमनच्या उलट बाजूने असतो. म्हणून आपल्या अक्षरांत जिथे जाड तिथे त्यांच्यात बारीक. हा तिरकसपणा एकदा सांगितला की 'अ'च्या पोटाची जाडी आणि 'ळ'च्या वेटोळ्याची जाडी यंत्राला आपोआप कळते. ती वेगळी मोजावी लागत नाही. जोशी हातातल्या हालचालीपासून सुरुवात करत आणि मग आकड्यांकडे येत. अभियंते आकड्यांपासून निघत. दोघं मध्ये कुठेतरी भेटत असावेत.

केंद्रात त्यांनी अभियंत्यांबरोबर 'विन्यास' नावाचं टंकरचनेचं साधन घडवलं. पुण्यात सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांचं 'जिस्ट' कार्ड आधीच संगणकात बसू लागलं होतं आणि त्याने भारतीय लिप्या पडद्यावर आणल्या होत्या. तो वेगळा आणि मोठा इतिहास आहे. मला सांगायचंय ते जोशींच्या कामातलं एक बारीक प्रकरण.

संगणकाला 'क' दिसत नाही. त्याच्या लेखी क म्हणजे युनिकोडमधला 2325 हा आकडा. ष म्हणजे 2359. हलन्त 2381. ओळीत 2325, 2381, 2359 असे आकडे आले की पडद्यावर 'क्ष' उमटायला हवा, ज्यात ना क दिसतो ना ष. 'कि' लिहिताना आपण आधी क टंकतो, मग 2367 क्रमांकाची वेलांटी. पण वेलांटी काढायची क च्या आधी. म्हणजे आकड्यांची रांग एका क्रमाने आणि चित्र दुसऱ्या क्रमाने. मराठीचं आणखी एक खास: दर्या आणि दऱ्या. एकात रफार यवर चढतो, दुसऱ्यात र वाकडी भुवई होऊन यला बिलगतो. यंत्राला हा फरक कळावा म्हणून र दोन ठेवले आहेत, 2352 आणि 2353. हिंदीवाल्यांचं त्यावाचून अडत नाही, आपलं अडतं. हे सगळे नियम कोणीतरी बसून लिहावे लागतात, एकेका जोडाक्षरासाठी, आणि प्रत्येक नियमाच्या शेवटी कोणीतरी एक आकार काढून ठेवावा लागतो. जोशी आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हेच करत होते.

त्यातून 'मंगल' निघाला. मायक्रोसॉफ्टसाठी केलेला हा देवनागरी फाँट विंडोज 2000 बरोबर घरोघरी गेला. इतर भारतीय लिप्यांचेही फाँट त्यांनी केले. मंगल देखणा आहे का? पुस्तकाला तो लावू नये, लग्नपत्रिकेला तर नकोच. जोशींच्या कुंचल्याची सळसळ त्यात शोधायला गेलात तर निराश व्हाल. पण तो ज्या पडद्यासाठी केला तो पडदा आठवा: एका इंचात शंभरच्या आत ठिपके. मजकुराच्या मापात शिरोरेषेच्या वाट्याला एक किंवा दोन ठिपक्यांची उंची येते. ती ठिपक्यांच्या ओळीवर नेमकी बसली नाही तर सगळी ओळ धुरकट होते. म्हणून ट्रूटाइप फाँटमध्ये अक्षराच्या आकाराबरोबर एक छोटा प्रोग्रामही भरता येतो. माप बदललं की तो चालतो आणि सांगतो: हा बिंदू अर्धा ठिपका वर सरकव, त्या दोन रेघांत एवढं अंतर राख. आपण वाचत असताना ही आज्ञावली पडद्यामागे मुकाट चालू असते. देवनागरी वाचणारा माणूस दिवसाकाठी हे हजारो वेळा पाहतो आणि त्याच्या गावीही नसतं.

जोशी फेब्रुवारी 2008 मध्ये अमेरिकेत गेले. त्यांचं केंद्र त्याआधी 2003 मध्येच सी-डॅकमध्ये विलीन झालं होतं. नरसिंहन 2007 मध्ये गेले, पदमसी जानेवारी 2020 मध्ये.

जोशींनी केंद्रासाठी केलेला 'रघु' मालेतला हिंदीचा फाँट मुक्त परवान्याखाली आहे, कोणालाही उघडता येतो. फाँट संपादणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि अक्षरावर टिचकी मारायची. अक्षराच्या कडेने बारीक चौकटी दिसतात, प्रत्येकीचे दोन आकडे, आडवा आणि उभा. शिरोरेषा सर्वांत सोपी, चार बिंदूंत भागते. 'ह' आणि 'झ' यांना बिंदूंची गर्दी लागते. 'ठ' मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ट्रूटाइपचे वक्र गणिताने असे आहेत की त्यांच्याने अचूक वर्तुळ निघतच नाही, जवळपासचं काहीतरी निघतं. रोमनच्या 'ओ'साठी टंककारांनी त्यावर कुरकुर केली. देवनागरीला त्याचं काही वाटलं नाही. बोरूने काढलेला ठ गोल कधी नव्हताच.